नाव घातलेली वाटी

भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक मुलगा बसलेला असायचा. त्याच्या हातात वायर जोडलेलं, पेनाएवढं यंत्र. भांडं पसंत झालं, पैसे दिले की तो विचारायचा, "नाव काय घालायचं?" मग घर्रर्र आवाज करत स्टीलवर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटायची. आडनाव, आद्याक्षर, कधी तारीख. मुंजीत वाटायची भांडी असली तर बटूचं नाव. ते भांडं चार घरं फिरणार हे घेणाऱ्याला ठाऊक असायचं आणि फिरून झालं की ते आपल्याच मांडणीवर परत यावं एवढ्यासाठी ते नाव.

पुण्यातल्या आमच्या वाड्यात बारा बिऱ्हाडं होती. माझ्या फडताळात आजही एक वाटी आहे, तिच्यावरचं नाव आमचं नाही. शेजारच्या काकूंनी तीतून मेतकूट पाठवलं होतं. रिकामी कशी परत करायची म्हणून आईने तिच्यात तिळाच्या वड्या घातल्या. ती कैरीची डाळ घेऊन परत आली, मग आमच्याकडून लिंबाचं लोणचं घेऊन गेली. वाडा पाडायला घेतला त्या महिन्यात ती आमच्याकडे होती. काकू मुलाकडे राहायला गेल्या आणि वाटी राहिली.

घरगुती, साध्या पदार्थांवर लिहायचं ठरलं तेव्हा मी ही वाटी समोर ठेवली. शेजारी जाणारे पदार्थ नेमके कोणते, आणि तेच का, एवढाच प्रश्न घेऊन पुण्यात, गिरगावात, सावंतवाडीकडे, फोंड्याला, सोलापुरात ओळखीपाळखीच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसले. वहीत लिहिलं त्याहून जास्त खाल्लं. एक गोष्ट लवकर लक्षात आली. घराची शान म्हणून केलेले पदार्थ वाटीतून जात नाहीत. त्यासाठी माणसांना जेवायला बोलावतात. वाटीतून जातो तो लहान पदार्थ. तो इतका स्वस्त असतो की घेणाऱ्याला उपकार वाटत नाहीत, आणि "कसं केलंत?" या प्रश्नाचं उत्तर जिन्यात उभ्याउभ्या देता येतं. शिवाय दुसऱ्याच्या हातून थोडा इकडेतिकडे झाला तरी तो बिघडत नाही.

मेतकुटात हे सगळे गुण आहेत. दोन माणसांचं चांगलं जुळलं की आपण त्यांचं मेतकूट जमलं म्हणतो. डाळी, धान्यं आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळायचे, की कुठलं काय होतं ते ओळखू येत नाही, मात्र एक जरी कमी पडलं तरी जिभेला कळतं. एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडदाची, पाव वाटी मुगाची, पाव वाटी तांदूळ, पाव वाटी गहू. दोन चमचे धने, एक चमचा जिरे, अर्धा चमचा मोहरी, अर्धा चमचा मेथ्या, चार सुक्या मिरच्या, सुंठेचा लहान तुकडा, हळद, हिंग, आवडत असेल तर जायफळ किसून. तेलाचा थेंब न घालता प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण उडदाची डाळ तांबूस होते तेव्हा गहू अजून कच्चा असतो. मेथ्या शेवटी, आच कमी करून. त्या काळ्या पडल्या तर सगळं मेतकूट कडू. गार झालं की बारीक दळून चाळायचं आणि कोरड्या बरणीत भरायचं.

मऊ गुरगुट्या भात, त्यावर तूप, मीठ आणि मेतकूट हे तान्ह्याच्या उष्टावणानंतरचं आणि तापातून उठलेल्या माणसाचं जेवण. म्हणूनच हा पदार्थ शेजारी जातो. शेजारच्या घरात कोण आजारी आहे हे आधी कळतं, मग वाटी निघते. दह्यात कालवून कांदा घातला की तोंडीलावणं होतं. पातळ पोह्यांना कच्चं तेल, मेतकूट, मीठ आणि बारीक चिरलेला कांदा लावला की अवेळी आलेल्या पाहुण्याचं खाणं होतं. परदेशी जाणाऱ्या मुलामुलींच्या बॅगेत आया ते भरतात, कारण तिकडे मऊ भात शिजवता आला की घर जवळ येतं. पुण्यात एका आजींनी मला त्यांची बरणी उघडून दाखवली. बरणीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला होता. त्यावर प्रमाण, आणि खाली लिहिलेलं: "मागेल त्याला देणे."

ही तीन शब्दांची ओळ मी पुढे प्रत्येक घरात आठवत राहिले, कारण उलटाही अनुभव आला. विचारलं की "अहो, त्यात काय एवढं, अंदाजानेच घालते" म्हणणाऱ्या काही भेटल्या. त्यांतल्या काहींना खरंच सांगता येत नव्हतं, हाताला माहीत असलेली गोष्ट तोंडाला माहीत नसते. काहींना मात्र सांगायचं नव्हतं. एकच जिन्नस गाळून कृती सांगणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या नात्यात असतात. मला हे फार चुकीचं वाटतं. पदार्थ वाटायचा आणि कृती राखून ठेवायची, हे अर्धंच देणं झालं.

हाताचा अंदाज कागदावर आणायला आपल्याकडे मोठा काळ लागला. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली आलं. साठ वर्षांनी, १९७० मध्ये, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि लाखाच्या वर घरांत पोचलं. 'रुचिरा'चं मला सर्वात मोठं काम वाटतं ते मापाचं. वाटी आणि चमचा. तराजू प्रत्येक घरात नसतो, वाटी असतेच. आणि जी वाटी मापाला, तीच वाटी शेजारी द्यायला. नव्याने संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना सासू किंवा आई जवळ नसताना या पुस्तकाने हाताशी धरलं. पण पुस्तकाला न सांगता येणारा एक भाग उरतोच, आणि तो शेजारीण सांगते.

माझ्या संसाराच्या पहिल्या दिवाळीत मी अनारसे करायला घेतले. जिन्नस मोजून तीन: तांदूळ, गूळ, खसखस. शिवाय तळायला तूप. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून कापडावर सावलीत पसरायचे, हाताला ओलसर लागतात तोवरच कुटून किंवा दळून बारीक चाळायचे. त्या पिठात वाटीला वाटी किसलेला गूळ, चमचाभर तूप, आणि घट्ट गोळा करून डब्यात चार-पाच दिवस मुरायला ठेवायचा. मी सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. खसखशीवर थापून पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. अनारसा तुपात विरघळून फुटून पसरला की हसला म्हणतात. दुसरा हसला, तिसराही हसला. कढईत नुसता गाळ. मी गॅस बंद केला आणि रडकुंडीला येऊन समोरच्या दाराची कडी वाजवली.

समोरच्या मावशी पदराला हात पुसत आल्या. कढईकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पिठाचा गोळा चिमटीत घेतला, अंगठ्याने दाबला, म्हणाल्या, "गूळ चिकट होता गं तुझा. पाऊण वाटीच घालायचा अशा वेळी." घरातून तांदळाची कोरडी पिठी आणली, दोन चमचे मळून घेतली, पुरीएवढा अनारसा थापला आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर सोडला. "उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडव." जाळी पडली. तांबूस, खुसखुशीत अनारसा झाऱ्यात उभा करून निथळताना त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली: पीठ कोरडं होऊन थापताना भेगा पडायला लागल्या तर पिकल्या केळ्याचा तुकडा किंवा चमचाभर दूध. हसणं आणि भेगाळणं, दोन दुखणी आणि दोन औषधं. हे मला छापील कृतीत मिळालं नव्हतं. आज माझ्याकडे अनारशाचं पीठ न्यायला दोन घरच्या मुली येतात. त्यांना मी गूळ विकत घेतानाच बोटाने दाबून बघायला सांगते. चिक्कीचा गूळ अनारशाला घ्यायचा नाही.

कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीची सकाळ तळणाची नसते, पोह्यांची असते. पहाटे अंगाला उटणं, दारात डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, आणि मग पोहे. गोव्यात त्याआधी रात्रभर नरकासुर मिरवतात आणि उजाडताना जाळतात, मग घरोघर फोव. भात नुकतंच कापून झालेलं असतं, त्या नव्या भाताचे, लालसर, जाडसर, गावच्या गिरणीतून आणलेले किंवा अजूनही कुठे कुठे घरी कुटलेले पोहे. गुळाचे, दुधातले, दह्याताकातले, बटाटा घातलेले तिखट, आणि नारळाच्या रसातले. बरोबर काळ्या वाटाण्याची उसळ. प्रत्येक घरात हे असतं आणि तरीही प्रत्येकाने प्रत्येकाकडे जाऊन थोडं थोडं खायचंच. सावंतवाडीजवळच्या एका वाडीत मी सकाळी सात वाजता पोचले. साडेनऊपर्यंत पाच घरी बसून झालं होतं. सहाव्या घरी आजी म्हणाली, "बस गो, फोव खावन जा," आणि पान पुढे आलं. पोट भरल्याचं सांगून उपयोग नव्हता. दोन घास खाल्ले तेव्हा तिचं समाधान झालं.

रसातल्या पोह्यांइतका सोपा गोड पदार्थ मला दुसरा माहीत नाही. दोन वाट्या जाड पोह्यांना एक नारळ आणि पाऊण वाटी किसलेला गूळ. नारळ खवून थोड्या कोमट पाण्याबरोबर वाटायचा, पंच्याने पिळून घट्ट रस काढायचा. त्यात गूळ, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ घालून ढवळायचं. हे विस्तवावर ठेवायचं नाही, गुळाबरोबर तापवलेला नारळाचा रस फाटतो. पोहे धुऊन निथळून घ्यायचे आणि खाण्याआधी दहा मिनिटं रसात सोडायचे. मीठ विसरू नये. त्या चिमटीने गुळाची गोडी उठून येते. चकली-करंजीच्या धास्तीने दिवाळीत स्वयंपाकघर टाळणाऱ्या तरुण जोडप्यांना मी आवर्जून हेच करायला सांगते. तळण नाही, साचा नाही, अर्ध्या तासात दहा माणसांना पुरतं.

फोंड्याला ज्या घरी उतरले होते तिथे ताटाळ्याखाली एक वेगळा डबा होता. तो दर नाताळला ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून कुस्वार घेऊन येतो: नेवऱ्या, दोदोल, बोलिन्हा. चवथीला तोच डबा या घरच्या नेवऱ्या घेऊन तिकडे जातो. नेवरी दोन्हीकडची. सारणाची चव वेगळी, वेलदोड्याचं प्रमाण वेगळं, पण करंजीचाच तो आकार. घरच्या वहिनी सांगत होत्या की एका वर्षी त्यांच्याकडे सुतक होतं, नेवऱ्या करायच्या नव्हत्या. त्या चवथीला शेजारणीनेच आपल्या घरी नारळाच्या नेवऱ्या केल्या आणि मुलांसाठी पाठवल्या. मुंबईच्या चाळीत ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ अशीच जागा बदलतात. शेवया तुपावर भाजून, आटवलेल्या दुधात खजूर आणि चारोळी घालून केलेला तो शीरखुर्मा मी पहिल्यांदा खाल्ला तो शेजारच्या दारातून आलेल्या पातेलीतून, आणि करायला शिकले तीही त्याच दारात उभी राहून.

चव ओळखायला शिकवणारा एक खेळच आपल्या मुलींकडे होता. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, आश्विनाच्या सुमाराला, पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा: भोंडला, कुठे हादगा. गाणी संपली की झाकलेला डबा यायचा आणि खिरापत ओळखा म्हणून पुकारा व्हायचा. गोड की तिखट? भाजलेलं की तळलेलं? वाटीत की बशीत? सोळा दिवस, रोज वेगळ्या घरी, आणि कुणाला ओळखता येऊ नये म्हणून प्रत्येक आई डोकं लढवायची. वाटल्या डाळीपासून दडपे पोह्यांपर्यंत कितीतरी पदार्थांशी माझी पहिली ओळख या फेरातच झाली. डबा उघडण्याआधी वासावरून हिंगाची फोडणी ओळखणं, मोदक उकडीचे की तळणीचे हे डब्याच्या उबेवरून सांगणं, हे शिक्षण दुसरीकडे कुठे मिळालं असतं? खिरापतीला एक अट होती, सगळ्यांना पुरली पाहिजे. त्यामुळे महागडं काही केलं जायचं नाही. वाटली डाळ करा: हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून भरड वाटायची, तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरची आणि कढीलिंबाची सढळ फोडणी करून मंद आचेवर परतत, झाकण ठेवून वाफ आणत मोकळी करायची. वरून लिंबू, खोबरं, कोथिंबीर आणि किंचित साखर. पुण्यात अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या प्रसादालाही हीच असते, आणि तळहातावर दिलेल्या त्या मूठभर डाळीची चव घरी ताटात घेऊन खाल्लेल्या डाळीला येत नाही.

सोलापुरात एका अक्कांच्या घरी शेंगाची चटणी उखळात कुटताना तासभर बसले. मिक्सरची पाती शेंगदाण्याचे तुकडे करतात, मुसळ त्याला दाबतं. दाबल्यावर तेल सुटतं आणि चटणी कोरडी न राहता ओलसर, तेलकट, मुठीत धरली तर गोळा होईल अशी होते. दोन वाट्या खमंग भाजून सोललेले शेंगदाणे, दहाबारा लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरे, दोन-तीन चमचे लाल तिखट, मीठ. आधी लसूण, जिरे, मीठ, तिखट कुटून घ्यायचं, मग दाणे थोडे थोडे. उखळ नसेल तर मिक्सर थांबत थांबत, एकेका फिरकीने चालवायचा. अक्का कुटत असताना खालच्या मजल्यावरून एक मुलगी चपाती घेऊनच वर आली. आवाज ऐकून आले म्हणाली.

खरवसाबद्दल थोडक्यात. गाय-म्हैस व्याली की वासराचं पोट भरल्यावर उरलेला चीक गावाकडे वाटतात, विकत नाहीत. पहिल्या दिवसाचा चीक घट्ट असतो म्हणून त्यात तेवढंच दूध, गूळ आणि वेलदोडा घालून वाफवायचा. त्यातली प्रथिनं तापल्यावर आपोआप घट्ट होतात, म्हणून विरजण लागत नाही की चायना ग्रास लागत नाही. शहरात डेअरीतून मिळणाऱ्या पुष्कळशा खरवसात चीक नावालाच असतो, आणि पहिल्याच घासाला ते कळतं.

काही पदार्थ एकटीने करताच येत नाहीत. उन्हाळ्यातले पापड त्यांतले. डांगर एकीने कुटायचं, लाट्या दुसरीने तोडायच्या, आणि प्रत्येकीने आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मुलांना लाटी तेलात बुडवून खायला मिळायची, ती त्यांची मजुरी. या रीतीतून काय उभं राहू शकतं ते गिरगावाने दाखवलं. १५ मार्च १९५९ रोजी तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. आजही लिज्जतच्या बहिणी पीठ घरी नेऊन पापड लाटतात आणि वाळवून परत आणून देतात. १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हाही त्यांच्यापाशी भांडवल होतं ते हातच्या चवीचंच.

आता इमारती उंच झाल्या आणि दारं बंद असतात, हे खरं आहे. पण मला भेटलेल्या मुलींना स्वयंपाकाचा कंटाळा आहे असं मला दिसलं नाही. त्यांना विचारायला कुणी जवळ नाही, एवढंच दिसलं. मी राहते त्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. दिवाळीत प्रत्येक घराने एकच पदार्थ करायचा आणि आपल्या मजल्यावरच्या चार घरांत द्यायचा. सगळं एकटीने करायचं ओझं नाही, विकतची पाकिटंही नाहीत. पहिल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाने पातळ पोह्यांचा चिवडा केला. पोहे आदल्या दिवशी उन्हात ठेवायचे आणि फोडणी जरा कोमट झाल्यावर घालायचे, नाहीतर ते आक्रसतात, हे त्याला त्याच्या शेजारच्या आजोबांनी सांगितलं होतं. चिवडा उत्तम झाला होता. गेल्या वर्षी त्याच्याकडून ती कृती घेऊन आणखी तिघांनी केला.

या दिवाळीत तुमच्याकडून फराळाचा डबा शेजारी जाईल तेव्हा त्यात एक चिठ्ठी ठेवा. वाटी-चमच्याच्या मापाने पूर्ण कृती लिहा, एकही जिन्नस गाळू नका, आणि तुमचा पदार्थ कुठे बिघडला होता व तो कसा सावरला हेही लिहा. फराळ करायला जमणारच नसेल तर मेतकूट करा. वर दिलेल्या प्रमाणात ते आपल्याला ठेवून आणखी तीन घरांना वाटीवाटीने पुरतं.